तारीख ठरते त्याच दिवशी



 मुळा-मुठेच्या काठचं खराडी हे गाव आता आयटी पार्कमुळे ओळखलं जातं. पण नगर रस्त्याने इथल्या दवाखान्यांत धापा टाकत येणारा रुग्ण बहुधा वेगळाच असतो. वाघोलीच्या दगडखाणीत उमेदीची वर्षं खर्ची घातलेला मजूर, वर्षानुवर्षं विडी ओढलेले काका, शिरूरकडच्या खेड्यात जन्मभर चुलीपुढे बसलेली, कधीही तंबाखूला न शिवलेली आजी. धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, होतो, हे जगापुढे ठामपणे मांडणाऱ्यांत आपल्या पुण्याचे डॉ. संदीप साळवी आहेत. पीटर बार्न्स यांच्यासह त्यांनी लिहिलेला लेख २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला.

अशा थकलेल्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ सापडते, तेव्हा आपल्या सर्वांचीच कसोटी लागते. १९३३ साली इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी एक अख्खं फुप्फुस काढलं आणि रुग्ण जगला. तेव्हापासून शल्यविशारदाला एकच हिशेब करावा लागतो, काढल्यावर उरेल त्यावर हा माणूस श्वास घेऊ शकेल का? सीओपीडीच्या रुग्णात हा हिशेब काठावर येतो. छातीवरची जखम दुखते म्हणून तो खोकत नाही, बेडका आत साचतो, फुप्फुसाचा भाग मिटतो आणि मागोमाग न्यूमोनिया येतो. ऑपरेशन उत्तम झालेला रुग्ण अशा वेळी हातातून निसटू लागतो.

इथे फिजिओथेरपिस्टचं काम फार मोलाचं आहे, आणि आपण त्यांना फार उशिरा बोलावतो. छातीत नळी आहे, वेदना आहेत, गुंगी उतरलेली नाही, अशा माणसाला उशी छातीशी धरून खोकायला, हफ करून, म्हणजे तोंड उघडं ठेवून जोराने श्वास सोडून, बेडका वर आणायला पहिल्यांदाच शिकवायचं? हे सगळं त्याच्या आधीच अंगवळणी पडलेलं हवं. ओठांचा चंबू करून सावकाश सोडलेला श्वास, रोजचं मोजून चालणं, पायऱ्या, दंड-मांड्यांचे व्यायाम आणि त्याच दिवसापासून विडी बंद. "आधीच दम लागतो, त्यात चाला काय म्हणता?" असं रुग्ण विचारतो. त्याचा प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना त्याच्यासोबत व्हरांड्यात चालावं लागतं, बोटाला ऑक्सिमीटर लावून. श्वास ओढायचं तीन गोळ्यांचं यंत्र हातात देऊन निघून जाणं म्हणजे फिजिओथेरपी नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

अशा आधीच्या तयारीला पुरावाही आहे. शस्त्रक्रियेपूर्व व्यायामावरच्या २०१७ सालच्या कॉक्रेन आढाव्यात फुप्फुसाच्या गुंतागुंतीचा धोका ६७ टक्क्यांनी कमी दिसला. त्यातल्या पाच चाचण्यांत मिळून रुग्ण जेमतेम १६७ होते, म्हणून आकडा जपूनच वापरायला हवा. पोटाच्या वरच्या भागाच्या शस्त्रक्रियांबाबत २०१८ साली 'बीएमजे'त आलेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीत तर ऑपरेशनआधीच्या अर्ध्या तासाच्या एका भेटीने अशी गुंतागुंत निम्म्यावर आली.

कर्करोगात थांबायला वेळ कुठे, असा आक्षेप येतो. शस्त्रक्रिया लांबवा, असं मी म्हणतच नाही. पेट स्कॅन, बायोप्सीचा अहवाल, जन आरोग्य योजनेची मंजुरी यांत दिवस जातातच. त्या दिवसांत रुग्ण घरी खाटेवर, काळजीने आणखी अशक्त होत असतो. ते दिवस उपचाराचे करता येतील. रोज शहरात येणं ज्यांना परवडत नाही, त्यांना घरी करायचे व्यायाम मराठीत लिहून द्यावेत, घरातल्या एकाला शिकवावेत, आणि फोनवर विचारपूस ठेवावी. याला महागडी यंत्रं लागत नाहीत.

म्हणून स्वागताध्यक्ष या नात्याने या परिषदेपुढे माझी एकच विनंती आहे. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेची तारीख ज्या दिवशी ठरेल, त्याच दिवशी केसपेपरवर फिजिओथेरपिस्टची पहिली भेट लिहिली जावी, असा ठराव आपण इथे करावा, आणि परत गेल्यावर आपापल्या रुग्णालयात तो अमलात आणावा.