लेकीच्या घरचा विजेचा वैल



तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्या ज्या आहेत, त्यांना वैल म्हणजे काय ते सांगायला नको. पोरींसाठी सांगते. मातीच्या चुलीला लागूनच एक दुसरं तोंड असायचं. त्याच्याखाली वेगळं लाकूड घालायचं नाही. चुलीतली धग तिकडं वळायची, तेवढ्यावर काम चालायचं. माझी आई चुलीवर भाकरी भाजायची आणि वैलावर हुलग्याचं कढण नाहीतर दूध ठेवायची. त्याच्याकडं बघायला लागायचं नाही. भाकरी झाल्या, भांडी झाली, की कढण आपलं तयार. गॅस आला, धूर गेला, डोळे वाचले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण गॅसबरोबर वैल गेला आणि आपण शेगडीपुढं उभ्या त्या उभ्याच राहिलो.

तो वैल मला परत भेटला अमेरिकेत, ओहायो राज्यात, लेकीच्या घरी.

तिच्या बाळंतपणाला मी गेले होते. आठव्या दिवशी दारात शेजारीण उभी. पन्नास-पंचावन्नची गोरी बाई, हातात कापडात गुंडाळलेलं जड भांडं. तिथं बाळ झालं की शेजारपाजारचे पाळीपाळीनं रात्रीचं जेवण आणून देतात. आपण बाळंतिणीला डिंकाचे लाडू नाही का नेत, तसंच. लेक म्हणाली, "आई, तिला नावानंच हाक मार." एवढ्या मोठ्या बाईला नावानं कशी हाक मारायची? मी 'ताई' म्हणायला लागले. तिला वाटलं, आमच्यात आभाराला 'ताई' म्हणतात. तीही मला उलट 'ताई ताई' करायला लागली.

भांड्यात होतं मीटलोफ आणि बटाटे. मीटलोफ म्हणजे खिम्याची पावासारखी जाड वडी. तिथं तो बहुतेक गाईच्या मांसाचा करतात. आमच्याकडं ते चालत नाही हे तिनं आधीच विचारून घेतलेलं, म्हणून टर्कीचा, म्हणजे कोंबडीसारख्याच पण मोठ्या पक्ष्याचा, खिमा घेतला होता. चव सपक, खरं सांगते. पण बटाटे! खिम्याचा सगळा रस खाली उतरून बटाट्यात मुरला होता. मी दोनदा वाढून घेतले.

ते भांडं म्हणजेच स्लो कुकर. आत जाड चिनीमातीचं भांडं, बाहेर विजेची हलकी ऊब, वर काचेचं झाकण. प्रेशर नाही, शिट्टी नाही. सकाळी सगळं घालून बटण लावायचं, सहा-सात तासांनी जेवायचं. साधारण दोनशे-अडीचशे वॅटचा असतो, म्हणजे सात तासांना जास्तीत जास्त पावणेदोन युनिट. याची मुळं शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन नावाच्या माणसाकडं जातात. त्याला १९४० मध्ये असल्या शेगडीचं पेटंट मिळालं. त्याच्या घरचे ज्यू, मूळचे लिथुआनियाकडचे. ज्यू लोकांत शुक्रवार मावळल्यापासून शनिवार मावळेपर्यंत चूल पेटवायची नाही. मग गावातल्या बायका शुक्रवारी संध्याकाळी मांस, घेवडा, बटाटे घातलेलं मडकं भट्टीवाल्याकडं नेऊन ठेवायच्या आणि भट्टीच्या उरल्या धगीवर ते रात्रभर शिजायचं. हे त्याला आईनं सांगितलेलं. म्हणजे बघा, शेवटी ऐकलं आईचंच! पुढं एका मोठ्या कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ पासून हा कुकर घरोघर गेला. तेव्हा तिथल्या बायका मोठ्या संख्येनं नोकरीला निघाल्या होत्या.

माझ्या लेकीलाही आठव्या आठवड्यात कामावर जायचं होतं. तिथं केंद्राचा कायदा १९९३ चा, त्यात बारा आठवडे रजा आहे, पण बिनपगारी. पन्नासपेक्षा कमी माणसं असली तर मालकाला तेवढंही बंधन नाही. आपल्याकडं कायद्यात सव्वीस आठवडे पगारी आहेत. अर्थात ते आस्थापनेतल्या बाईला, खुरपायला जाणारीला कोण देतंय? तर लेकीला परवडत नव्हतं, म्हणून ती लवकर निघाली. आणि माझं परतीचं तिकीट काढलेलं. अंगावर पाजणारी पोर, नवरा-बायको दोघं कामावर, मी गेल्यावर ही संध्याकाळी पावबिस्कीट खाऊन झोपणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी त्या ताईंकडून ही रीत शिकून घेतली, लेकीला हाताशी घेऊन.

रीत अशी. सहा मध्यम बटाटे, सालीसकट चार-चार फोडी, भांड्याच्या तळाशी. वर मीठ आणि अर्धी वाटी पाणी. मग साधारण नऊशे ग्रॅम खिमा, एक वाटी पावाचा चुरा अर्धी वाटी दुधात भिजवलेला, दोन अंडी, एक बारीक चिरलेला कांदा, मीठ, मिरपूड. हलक्या हातानं कालवायचं, कणकेसारखं तिंबलंत तर वडी दडदडीत होते. लांबट गोळा करून बटाट्यांवर ठेवायचा, भांड्याच्या कडेला न चिकटवता. वरून टोमॅटो सॉस. तो पावाचा चुरा गरिबीतून आला आहे. १९३० नंतरच्या मंदीत तिथल्या बायकांनी पाव, ओट घालून मांस पुरवठ्याला आणलं. आपण खिम्यात बटाटा, वाटाणा घालतो तो कशासाठी? तसंच.

मी त्यात आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि पिशवीतून नेलेला आपला कांदा-लसूण मसाला दोन चमचे घातला. ताईंनी खाल्लं, नाक पुसलं आणि आणखी मागितलं.

चुका मीच केल्या. पहिल्यांदा बटाटे वर ठेवले, खिमा खाली. खिमा शिजला आणि बटाटे कचकचीत. आपल्याला वाटतं मांसाला वेळ लागतो, पण या हळू धगीत बटाटा, गाजर यांनाच जास्त वेळ लागतो. ते तळाला आणि कडेला, जिथं ऊब जास्त तिथं. दुसरी चूक, दर अर्ध्या तासानं झाकण काढून बघत होते. सवय! एकदा झाकण उघडलं की साठलेली वाफ जाते आणि शिजणं वीस-तीस मिनिटं पुढं ढकललं जातं. लेकीनं शेवटी झाकणावर कागद चिकटवला, 'आई, नको'.

आता जे सांगायला आज मुद्दाम बसले ते सांगते.

फेब्रुवारीत एक दिवस सकाळी कुकर लावून आम्ही बाळाला तपासायला घेऊन गेलो. बाहेर बर्फाचं वादळ. परत यायला दुपार टळली. घरात खमंग वास सुटलेला, वडी छान तांबूस दिसत होती. लेकीनं मायक्रोवेव्हच्या घड्याळाकडं पाहिलं. ते चुकीची वेळ दाखवत लुकलुकत होतं. म्हणजे मधे वीज जाऊन आली होती. किती वेळ गेली होती, ते घड्याळ सांगत नाही. तिनं सरळ ते भांडं उचललं आणि सगळं कचऱ्यात ओतलं.

मी काय काय बोलले ते इथं सांगत नाही. किलोभर मांस! आमच्या घरात पानात शीत टाकलेलं चालत नाही. मी म्हटलं, "अगं, परत उकळून घेऊ." ती म्हणाली, "आई, उकळून जंतू मरतील, पण त्यांनी अन्नात सोडलेलं विष सगळं जात नाही. मी अंगावर पाजते. मी चार दिवस आडवी पडले तर बाळाचं काय?" त्या दिवशी आम्ही दोघी जेवलो ते दहीभात, आणि एकमेकींशी न बोलता.

रात्री मलाच पटलं. तिथल्या सरकारचाही नियम तोच आहे, आपण घरी नसताना वीज गेली तर कुकरमधलं टाकून द्या, शिजलेलं दिसलं तरी. पाच अंश ते साठ अंश या कोमट पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. वास आणि रंग बघून ते कळत नाही. आणि खिम्याचं तर वेगळंच असतं. अख्ख्या तुकड्याला जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात. खिमा करताना वरचं सगळं आत मिसळतं. म्हणून वडी मधोमध शिजायलाच हवी. कोंबडी-टर्कीला आत चौऱ्याहत्तर अंश लागतात. ताई सुईसारखा तापमापक खुपसून बघायच्या. म्हणूनच गोठलेला खिमा तसाच कुकरमध्ये घालायचा नाही, तो कोमट पट्ट्यात फार वेळ राहतो. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि गरम करायचं ते गॅसवर खळखळ.

आईचा वैल चालला, कारण घरात कायम कुणीतरी होतं आणि चूल विझली तर दिसत होती. विजेच्या वैलाचं तसं नाही, आणि लोडशेडिंग आपल्याला काही नवीन नाही. म्हणून मी तो कुकर आणला नाही. तिथली वीज एकशेवीस व्होल्टची, आपली दोनशेतीसची. आणला असता तर पहिल्याच दिवशी जळाला असता, ते वेगळंच.

इथं मी असं करते. अर्धा किलो कोंबडीचा खिमा (खाटकाला कोंबडी साफ करूनच खिमा करायला सांगा, खिमा धुता येत नाही), बाकी सगळं निम्म्यानं. पसरट डब्यात खाली बटाट्याच्या पातळ चकत्या, वर खिम्याची दोन बोटं जाडीची वडी. प्रेशर कुकरमध्ये एक शिट्टी, मग बारीक गॅसवर अर्धा तास. मधोमध कापून बघायचं. आत लालसर दिसलं किंवा पाणी गुलाबी आलं तर परत ठेवायचं. सहा माणसांना पुरतं.

आणि वैलाची हौस असेल तर वरण. डाळ दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळायची, घट्ट झाकण, जुन्या गोधडीत गच्च गुंडाळून पाटीत ठेवायची. दीड-दोन तासांत मऊ होते, गॅस वाचतो. काढल्यावर एक उकळी देऊन फोडणी. मांस मात्र गोधडीत कधीही नाही. आणि कुणाची लेक परदेशात असेल आणि स्लो कुकरमध्ये राजमा करत असेल तर तिला फोन करा. तो रात्रभर भिजवून, पाणी ओतून देऊन, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळायचा आणि मगच त्या कुकरमध्ये. नुसत्या मंद धगीवर राजम्यातलं विषारी द्रव्य जात नाही, उलट्या होतात.

परवा लेकीचा फोन आला. म्हणाली, "आई, गडबडीत आज बटाटे वर गेले."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय, कच्चे. मायक्रोवेव्हला लावले आणि खाल्ले. मसाला संपत आलाय, पाठव."