माळ्यावरचा अ‍ॅम्प्लिफायर

आज आम्ही गटातल्या बायका मिळून बोलतोय. विषय जरा वेगळा आहे. या उन्हाळ्यात आम्ही एक जुना अ‍ॅम्प्लिफायर विकला. मांडवात भोंग्याला जोडतात तो नव्हे, घरात बसून गाणी ऐकायचा, विलायती.

आमच्या गटातल्या एका वहिनींचे यजमान बोटीवर नोकरीला होते. गाण्यांचं भारी वेड. त्यांनी तो इंग्लंडहून आणलेला. सुट्टीवर आले की खळ्यात शेजारपाजार जमायचा. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. स्पीकर वाळवीने खाल्ले. अ‍ॅम्प्लिफायरच्या जोडीला एक छोटा डबा होता, तो कुणीतरी "दोन दिवसांसाठी" म्हणून नेला, तो नेलाच. आमच्या गटाचं मोठं पातेलंही असंच गेलंय, पण ते पुन्हा कधीतरी.

एप्रिलच्या बैठकीत वहिनींनी घर शाकारायला कर्ज मागितलं. आधीच्या कर्जाचे चार हप्ते बाकी होते, त्यामुळे आम्हालाही अवघड झालं. त्याच आठवड्यात भंगारवाला दारात आला. त्याने अ‍ॅम्प्लिफायर काट्याला लावला, नऊ किलो भरला, सहाशे रुपये बोलला. वहिनी देणारच होत्या. कारण त्या डब्याला चालू-बंद करायचं बटण नाही, आवाज कमी-जास्त करायची कळ नाही, समोर नुसत्या धातूच्या उभ्या पट्ट्या. बटणं तुटून गेलेलं काहीतरी आहे, असंच घरात सगळे समजत होते.

आमच्यातल्या एकीचा मुलगा आयटीआय शिकलेला, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. तो म्हणाला, "काकू, थांबा. आधी नाव वाचू." नाव निघालं क्वाड 405. पीटर वॉकर नावाच्या गृहस्थांनी 1936 मध्ये सुरू केलेल्या इंग्लंडमधल्या कंपनीचा हा माल. हे मॉडेल 1975 साली आलं. डावी-उजवी अशा दोन बाजू, प्रत्येकी 100 वॅट. आजही शौकीन लोक तो शोधत असतात.

मग बटण का नाही? त्याने आम्हाला विहिरीवरून समजावलं. हा आहे पंप. बारीक आवाजाला जोर देऊन स्पीकरपर्यंत ढकलणं एवढंच त्याचं काम. म्हणून त्याला पॉवर अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. नळाची चावी वेगळ्या डब्यात असते, म्हणजे त्या हरवलेल्या. तेव्हा बटण नसणं ही खोट नव्हतीच, तो डबा घडवलाच तसा होता. सहाशे रुपयांत गेला असता, मैत्रिणींनो!

आता तपासणी. वर्षानुवर्षं बंद पडलेली अशी वस्तू एकदम प्लगमध्ये घालू नका. त्याने साधा पिवळा बल्ब मध्ये जोडला, ज्याला दुरुस्तीवाले सिरीज बल्ब म्हणतात. चालू केल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं. आमचा मंद झाला आणि सगळ्यांनी श्वास सोडला. झाकण मात्र आपण उघडायचं नाही. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि झटका बसतो. आणखी एक, वस्तू कुठल्या देशातली आहे ते पाहा. इंग्लंडची वीज आपल्यासारखीच, दोनशे तीस-चाळीस व्होल्टची. जपानमध्ये घरात 100 व्होल्ट असतात. तिथला डबा आपल्या प्लगमध्ये थेट लावला तर जळून जाईल.

स्पीकर जोडण्याआधी त्याने मीटर लावून पाहिलं, कारण तारांवर डीसी करंट येत असेल तर स्पीकर जळतो. मागचं सॉकेट जुन्या पद्धतीचं, चार पिनांचं गोल, त्यासाठी वायर करून घेतली. मग देवळातले जुने स्पीकर आणि मोबाइल, तोही आवाज अगदी कमी करून. गाणं लागलं. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या, आम्ही कुणी मागे गेलो नाही.

उजवी बाजू स्वच्छ होती. डावी मधूनच खरखरत होती.

इथे आमच्यात वाद झाला. काहींचं म्हणणं, खरखर सांगायची कशाला, घेणारा बघेल. तालुक्याचा एक मेकॅनिक म्हणाला, आतलं सगळं बदलून नवं करून देतो. आम्ही बदललं काहीच नाही आणि लपवलंही नाही. कोरड्या फडक्याने पुसलं, मागचा नंबर दिसेल असे फोटो काढले आणि जाहिरातीत लिहिलं: "डावी बाजू मधूनच खरखरते. जोडीचा डबा नाही. पंचवीस हजारांवर बोला."

दुसऱ्या दिवशी फोन. आपण फौजेत आहोत, वस्तू न बघता घेतो, म्हणे. "क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील." आम्ही फोन ठेवला. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. हे शेजारणीलाही सांगा.

पण खरा अडथळा घरातच होता. दीर मुंबईहून फोनवर म्हणाले, "दादाची वस्तू आहे, मला न विचारता विकायची नाही." वहिनी गप्प झाल्या. आम्ही तालुक्याला वकीलबाईंना विचारून आलो. मृत्युपत्र नसेल तर हिंदू माणसाच्या मागे बायको, मुलं आणि आई हे पहिले वारस. ते असताना भावाचा हक्क येत नाही. म्हणून आम्ही सासूबाईंना विचारलं आणि वहिनींच्या मुलीलाही. सासूबाई म्हणाल्या, "घरावर कौलं हवीत. द्या विकून." दिरांना वहिनींनी स्वतः फोन करून सांगितलं. ते थोडे रागावले, अजून आहेत.

पुण्याहून एक गृहस्थ आले. सोबत स्वतःची वायर, स्वतःचे छोटे स्पीकर. तासभर ऐकलं. खरखर ऐकून म्हणाले, "तुम्ही लिहिलं होतं म्हणून एवढ्या लांब आलो. आणि आत कुणी हात लावला नाही, हे बरं केलंत." सत्तावीस हजारांना ठरलं. हा आकडा धरून बसू नका, भाव वस्तूच्या अवस्थेवर असतो. पैसे वहिनींच्या खात्यात आले, मेसेज पाहिला, बँकेत फोन करून खात्री केली, मगच डबा हातात दिला. पावतीवर सही वहिनींची. त्यात "आहे त्या अवस्थेत" हे शब्द घालून घेतले.

कौलं मृगाच्या आधी बसली. दोन हप्तेही फिटले.

तो छोटा डबा मात्र अजून सापडलेला नाही. पुण्याचे गृहस्थ त्यालाही पैसे द्यायला तयार आहेत. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या माळ्यावर असेल, तर आमची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते. घेऊन या. इतक्या वर्षांचं भाडं मागणार नाही. आणि हो, पातेलंही.