राजी असल्याचा कागद

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



नोकरी सोडताना जो कागद द्यायचा, त्याला आपण मराठीत 'राजीनामा' म्हणतो. उर्दूत त्याच कागदाला 'इस्तीफा' म्हणतात आणि 'राजीनामा' म्हटलं की तिथे तडजोडीचा, समेटाचा कागद समजतात. शब्द एकच, फारसीतून आलेला. राजी म्हणजे कबूल, खुशीनं तयार. नामा म्हणजे लेख. भांडण मिटलं, दोन्ही पक्ष राजी झाले, की असा लेख करायचे. मराठीनं तो उचलून नोकरी सोडणाऱ्याच्या हातात दिला. मी दोन्ही भाषांत जगणारा माणूस, त्यामुळे मला मराठीची ही निवड फार आवडते. जाणाराही राजी, पाठवणाराही राजी. प्रत्यक्षात असं घडतं का, आणि विशेषतः कर्करोगाच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या माणसांच्या बाबतीत घडतं का, याविषयी आज बोलायचं आहे.

विषय सुचला तो अमेरिकेतल्या एका वादावरून. तिकडे अनेक नोकऱ्यांच्या करारात एक कलम असतं. नोकरी सोडल्यावर अमुक महिने, अमुक मैलांच्या आत, तेच काम दुसरीकडे करायचं नाही. स्पर्धाबंदीचं कलम म्हणू या. २३ एप्रिल २०२४ रोजी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं अशा कलमांवर देशभर बंदी घालणारा नियम केला. कमिशनच्याच अंदाजानं सुमारे तीन कोटी लोक, म्हणजे काम करणाऱ्या पाचांतला एक, अशा कलमानं बांधलेला होता. नियम अमलात येण्याआधीच, २० ऑगस्ट २०२४ रोजी टेक्सासच्या एका न्यायालयानं तो रद्द केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कमिशननं आपलं अपील मागे घेतलं. या वादात रुग्णालयांची बाजू पुन्हा पुन्हा पुढे आली. कारण उघड आहे. कापडाच्या दुकानातला विक्रेता गेला तर गिऱ्हाइकाचं फार काही बिघडत नाही. कर्करोगाचा डॉक्टर उपचार अर्धे असताना शंभर मैल लांब गेला, तर रोग्यानं काय करायचं?

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर कागदावर दीडशे वर्षांपूर्वीच दिलेलं आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं २७ वं कलम सांगतं, की कुणालाही कायदेशीर व्यवसाय, व्यापार वा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. अपवाद एकच दिलेला आहे, धंद्याचा नावलौकिक विकल्याचा. गंमत म्हणजे हे कलम ज्या मसुद्यावरून घेतलं तो न्यूयॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड या वकिलाचा. त्याच्याच मसुद्यावरून त्याच साली कॅलिफोर्नियानंही तसाच कायदा केला. फील्डच्या स्वतःच्या न्यूयॉर्कनं मात्र तो मसुदा स्वीकारला नाही.

कायदा झाल्यावर दोन वर्षांत, १८७४ मध्ये, कलकत्त्याला एक खटला उभा राहिला. तांब्यापितळेचं काम करणारे दोघे दुकानदार, एकाच भागातले. एकानं दुसऱ्याला सांगितलं, तू इथलं दुकान बंद कर, कारागिरांना तू जी उचल देऊन बसला आहेस ती मी भरून देतो. रक्कम ९०० रुपये. दुसऱ्यानं दुकान बंद केलं, पैसे मिळाले नाहीत, तो कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, धंदा बंद करण्याचा करारच रद्द, तेव्हा पैसे कसले? बिचाऱ्याचं दुकानही गेलं आणि ९०० रुपयेही गेले. तत्त्व शाबूत राहिलं.

आपल्या ओळखीचं उदाहरण हवं असेल तर श्रीरामपूरच्या झहीर खानचं घ्या. जाहिरातींचं काम पाहणाऱ्या एका कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावरही दुसऱ्याशी करार करण्याआधी आम्हाला विचारलं पाहिजे, अशी अट त्यात होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अट उचलून धरायला नकार दिला. मुदत संपली, माणूस मोकळा. पण मुदतीच्या आतलं काय? तिथे १९६७ चा गोलिकरी खटला सांगितला जातो. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला एक तंत्रज्ञ पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडून राजस्थानात तशाच कारखान्यात गेला आणि न्यायालयानं त्याला करार पाळायला लावला. ढोबळमानानं आजही कायदा असा आहे: मुदतीत बांधलेला, मुदतीनंतर मोकळा.

म्हणजे अमेरिकेत जी बंदी येता येता राहिली, ती आपल्याकडे आहे. मग आपल्या रुग्णालयांतल्या नर्स, तंत्रज्ञ, तरुण डॉक्टर खुशीनं येतात-जातात, दमत नाहीत, टिकतात, असं चित्र दिसायला हवं होतं. ते दिसत नाही. बांधून ठेवायला स्पर्धाबंदीचंच कलम लागतं असं थोडंच आहे?

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण उचल पाहिलेली आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम ऊसतोडीच्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, आगाऊ रक्कम देतो आणि हंगामभर ती जोडी त्या रकमेला बांधली जाते. हंगाम संपताना हिशेबात काहीतरी फिरतंच. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. उचल चालूच आहे.

नर्सिंगमधली उचल म्हणजे बॉण्ड. दोन वर्षं, कधी तीन. सोडलं तर पन्नास हजार भरा, लाख भरा. आणि हमी म्हणून मूळ प्रमाणपत्रं कार्यालयाच्या कपाटात. दहावीची, बारावीची, जीएनएमची, परिषदेच्या नोंदणीची. ही मुलगी उद्या दुसऱ्या दवाखान्यात गेली तर तिला कुठलं कलम रोखणार नाही. पण मुलाखतीला दाखवायला तिच्या हातात कागदच नाही. २७ वं कलम कपाटाची किल्ली देत नाही.

माझ्या आपाला, म्हणजे थोरल्या बहिणीला, केमोथेरपी चालू होती, एका खासगी रुग्णालयात. दर एकवीस दिवसांनी सलाईन. त्यातलं एक औषध लाल रंगाचं असतं. ते शिरेच्या बाहेर सांडलं तर आतलं मांस जळतं, म्हणून शीर नीट सापडणं फार महत्त्वाचं. आपाच्या शिरा बारीक. गोदाकाठच्या कुठल्याशा गावची एक मुलगी होती, ती आपाचा हात आधी कोमट पाण्यात ठेवायची, "खाला, इकडे बघू नका, माझ्याशी बोला" म्हणायची आणि पहिल्या टोचणीत शीर धरायची. दुसऱ्या खेपेला तिनं आपाला सगळं सांगून टाकलं होतं. बारा-बारा तासांच्या पाळ्या, त्या आठवड्यात वॉर्डात झालेले तीन मृत्यू, आणि कपाटातली प्रमाणपत्रं. चौथ्या खेपेला ती नव्हती. नव्या मुलीनं तीनदा टोचलं. मी काउंटरवर विचारलं, तर उत्तर आलं, "सोडून गेली." कुठे गेली, कुणी सांगेना. आपा मात्र घरी येईपर्यंत एकच विचारत होती, "तिचे कागद दिले का रे त्यांनी?"

या थकव्याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. मला 'करपणं' हा शब्द जवळचा वाटतो. भाकरी एकदम करपत नाही. तवा तापलेला राहतो आणि कुणाचं लक्ष नसतं. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञानं १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातल्या कार्यकर्त्यांकडे, आणि स्वतःकडे, पाहून याविषयी लिहिलं. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या: शीण, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या वर्गीकरणात याला जागा दिली, पण आजार म्हणून नव्हे, कामातून उद्भवणारी स्थिती म्हणून. हा फरक मला मोलाचा वाटतो. दोष माणसाच्या मनात शोधायचा नाही, कामाच्या मांडणीत शोधायचा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांपैकी शंभरांत सुमारे पंचेचाळीस जणांत ही लक्षणं आढळली होती. त्यांचे पगार काय असतील ते आपण जाणतोच. तरी ते करपतात, मग आपल्या मुलीचं काय होत असेल?

त्यातला कोरडेपणा सर्वांत भयंकर. जायचं आहे आणि जाता येत नाही, अशा माणसाच्या हातात सुई असते. ती मुलगी वाईट नसते. तिनं आतून दार लावून घेतलेलं असतं.

आता रुग्णालयांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नाही. केमोची नर्स तयार व्हायला महिनोन्‌महिने जातात. किरणोपचाराचं तर विचारूच नका. तोंडाच्या कर्करोगाच्या रोग्याला (आणि गुटखाबंदी २०१२ पासून असूनही आपल्याकडे हे रोगी किती आहेत ते कुठल्याही ओपीडीत जाऊन पाहा) आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे किरण घ्यावे लागतात. मध्ये खंड पडला तर उपचाराचा जोर कमी होतो. आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे पात्र भौतिकतज्ज्ञ आणि किरण-सुरक्षा अधिकारी असल्याशिवाय ते यंत्र चालवता येत नाही. एक माणूस गेला की कोट्यवधींचं यंत्र झाकून ठेवायची वेळ येते. छोट्या शहरातलं रुग्णालय माणूस तयार करतं आणि पुण्या-मुंबईचं रुग्णालय त्याला घेऊन जातं. चिडचिड होणारच.

सरकारी बाजू आणखी वेगळी. आपल्या शहरात आमखास मैदानाजवळ २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, घाटीला जोडलेलं. पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून रोगी येतात, खानदेश-विदर्भाच्या कडेचेही येतात. टाटाला, म्हणजे मुंबईच्या परळला जाऊन फूटपाथवर राहण्याची पाळी त्यामुळे कितीतरी घरांवरची टळली. पण एकूण सरकारी आरोग्यसेवेत काय चालतं? शिकून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरला सक्तीच्या सेवेचा बॉण्ड. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये असे बॉण्ड वैध ठरवले आणि जनतेच्या पैशातून शिकलेल्यानं वर्षभर जनतेची सेवा करावी यात मला गैर वाटत नाही. मात्र ज्याला खरोखर राहायचं आहे, त्याला अकरा महिन्यांची नेमणूक, मध्ये एक दिवसाचा खंड, पुन्हा आदेशाची वाट. ज्याला जायचं आहे त्याला दोर, आणि ज्याला राहायचं आहे त्याच्या पायाखाली जमीन नाही.

म्हणून मला वाटतं, जाण्याची मोकळीक हा अर्धाच उपाय आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं २००८ मध्ये कमी पगाराच्या कामगारांसाठी स्पर्धाबंदीची कलमं अग्राह्य ठरवली, तेव्हा तासाचा पगार सरासरी दोन ते तीन टक्क्यांनी वाढल्याचं अभ्यासकांना दिसलं. मालकाला माणूस जाईल ही धास्ती असली की तो थोडा नीट वागतो, एवढं त्यातून कळतं. पण चारांतली एक नर्स गेली आणि तिची जागा वर्षभर भरली नाही, तर उरलेल्या तिघी तिचं काम ओढतात आणि मग दुसरीही जाते. कुणालाही कुठेही जाता येणं आणि कुणाला जावंसं न वाटणं, या दोन गोष्टी एका कायद्यात बसत नाहीत.

जावंसं न वाटण्यासाठी काय लागतं, हे कुणाला ठाऊक नाही असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं समिती नेमली. तिनं सांगितलं, की पन्नास खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान वीस हजार मिळावेत आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी नर्सइतकं वेतन असावं. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. पुढचं तुम्ही तुमच्या घरातल्या, शेजारच्या नर्सला विचारा.

आणखी एक गोष्ट अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्याकडून घेण्यासारखी आहे. तिथे १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्यानं डॉक्टर आणि इतर काही उपचारकांवरची एक वर्षाहून लांब स्पर्धाबंदी रद्द ठरवलीच. शिवाय असा उपचारक सोडून गेला, तर त्याच्या नियमित रोग्यांना ९० दिवसांत तसं कळवण्याचं बंधन रुग्णालयावर घातलं. या सगळ्या वादात रोगी नावाचा माणूस मला तिथे पहिल्यांदा दिसला.

बॉण्डच्या रकमेबद्दल एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर माझं ऐकून कुणी फसेल. सगळे बॉण्ड बेकायदा नाहीत. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख घेण्याची अट वैध ठरवली. तिथे बँक सरकारी होती, भरतीचा खर्च मोठा होता आणि पगाराच्या मानानं रक्कम डोईजड नव्हती. त्याच करार कायद्याचं ७४ वं कलम सांगतं, की कागदावर आकडा कितीही असो, भरपाई वाजवी तेवढीच, त्या आकड्याच्या आत. आणि कुणालाही मारूनमुटकून चाकरी करायला लावण्याचा हुकूम आपली न्यायालयं देत नाहीत.

आज सकाळी हे ऐकणाऱ्यांत नुकतीच जीएनएम झालेली एखादी मुलगी असेल, किंवा तिचे वडील, काका, मामा असतील, तर नोकरीच्या पहिल्या दिवशी एवढं करा. करार घरी आणून वाचा आणि सही केलेल्या कराराची एक प्रत आपल्याकडे ठेवा. रकमेचा आकडा लिहिला असेल, तर तो कोणत्या प्रशिक्षणाच्या कोणत्या खर्चातून काढला, ते लेखी मागा. प्रमाणपत्रं पडताळणीसाठी मूळ दाखवा, समोर बसून तपासू द्या आणि पिशवीत परत ठेवा. त्यांना साक्षांकित झेरॉक्स द्या. मूळ ठेवूनच घ्यायची असतील, तर कोणकोणती ठेवली याची यादी, तारीख आणि शिक्का असलेली पावती मागा. बहुतेक ठिकाणी पावती मागितली, की मूळ कागद ठेवून घ्यायचा आग्रह तिथेच थांबतो.