कान वाहतो, त्याला काय होतंय?

मंडळी, “पोराचा कान वाहतोय, त्याला काय होतंय! मोठा झाला की राहील,” असं आपण म्हणतो. मी शाळेत जन्म घालवला. हाक मारली तरी मान न वळवणारी पोरं पुष्कळ पाहिली. लोक त्यांना मठ्ठ म्हणत. कित्येकांना नीट ऐकूच येत नसे.

घशामागून कानात एक बारीक नळी जाते. लहान मुलात ती आखूड आणि आडवी असते. म्हणून सर्दीचा रोग कानात शिरतो. पू साठतो, पडदा फुटतो, कान वाहू लागतो.

अशा कानात तेल ओतू नका. लसूण घालून कढवलेलं तर नकोच. स्वच्छ सुती कापडाची वात करून पू टिपा आणि मुलाला आरोग्य केंद्रात दाखवा. कानामागे सूज आली तर त्याच दिवशी न्या. कान बरा होईपर्यंत विहिरीत पोहायला सोडू नका. आणि रागाच्या भरात कानाखाली वाजवू नका, त्यानेही पडदा फाटतो.

पहिले 6 महिने नुसतं आईचं दूध द्या. पाजताना बाळाचं डोकं जरा उंच धरा. पुढे वरणभात, भाजी, अंडं चालू करा. 9व्या महिन्याची गोवराची लस चुकवू नका. गोवरातही कान फुटतो. चुलीच्या धुरात बाळाला निजवू नका. बिडीचा धूरही तितकाच वाईट. आजोबा, तेवढी बिडी अंगणात ओढा.