महिला संघ : जोडणे सोपे, जोपासणे अवघड

(उत्सव समितीच्या वार्षिक व्याख्यानमालेत झालेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)





समितीने मला विषय विचारला, तेव्हा मी फुटबॉल म्हटले. सचिवांना वाटले मी थट्टा करतो आहे. मी म्हटले, नुसता फुटबॉल नाही, व्यावसायिक क्लबाला महिलांचा संघ जोडताना काय अडचणी येतात, त्यावर बोलणार. त्यांनी विचारले, "तुमचा आणि फुटबॉलचा संबंध काय?" संबंध एवढाच की मी प्रेक्षक आहे आणि माझी सारी नोकरी हिशेब खात्यात गेली. हा प्रश्न मला तिथूनच दिसतो.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. पुष्कळ मंडळांत असे झालेले आहे. पुरुषांनी मंडळ स्थापन केले. काही वर्षांनी कुणीतरी सुचवले की महिला शाखा हवी. ठराव एकमताने मंजूर झाला, टाळ्या पडल्या. महिला शाखेकडे हळदीकुंकू, रांगोळी स्पर्धा आणि प्रसादाची व्यवस्था आली. पावतीपुस्तक मात्र पुरुषांच्याच खिशात राहिले. वर्गणी कमी जमली की पहिली कात्री महिला शाखेच्या कार्यक्रमाला. भगिनी हसत आहेत, म्हणजे मी फार चुकीचे बोलत नसावे. मोठमोठ्या फुटबॉल क्लबांतही नेमके हेच घडते. फरक एवढाच की तिथे आकडे कोटींचे असतात.

कुणी म्हणेल, बायकांचा फुटबॉल हे आत्ताचे खूळ आहे. तसे नाही. इंग्लंडमध्ये १९२० साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर महिलांचा सामना बघायला ५३ हजार माणसे आली होती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदाने महिलांना बंद केली. हा खेळ बायकांना मानवत नाही, असे कारण दिले गेले. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. आपल्याकडे १९७५ मध्ये महिला फुटबॉलची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना निघाली आणि १९८० व १९८३ साली भारतीय महिला आशियाई स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या. तेव्हा मुलींना खेळ येत नाही, ही तक्रार टिकत नाही. प्रश्न त्यांना चालवणाऱ्या संस्थांचा आहे.

आता क्लबांकडे येऊ. देशात महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली ती २०१६-१७ च्या हंगामात. पहिल्या अंतिम फेरीत सहा संघ होते. त्यात पुरुषांच्या इंडियन सुपर लीगमधला एकच क्लब होता आणि तो आपल्या पुण्याचा होता, एफसी पुणे सिटी. मराठी माणसाने अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट. पण २०१९ मध्ये तो क्लबच आटोपला. पुरुष खेळाडूंना दुसरे क्लब होते, दलाल होते, करार होते. मुलींसाठी तेव्हा असे दुसरे दार फारसे नव्हतेच.

दुसरे उदाहरण केरळचे. केरळ ब्लास्टर्सने २०२२ मध्ये वाजतगाजत महिला संघ उभा केला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्यांचा पुरुष संघ एका बाद सामन्यात पंचांचा निर्णय न पटल्याने मैदान सोडून गेला. महासंघाने क्लबाला चार कोटींचा दंड केला. जूनमध्ये क्लबाने त्या दंडाकडे बोट दाखवून महिला संघ तात्पुरता थांबवत असल्याचे जाहीर केले. मैदान सोडले पुरुषांनी आणि घरी बसल्या मुली!

हे आपल्याच देशात होते असेही नाही. मँचेस्टर युनायटेड म्हणजे जगातल्या श्रीमंत क्लबांपैकी एक. त्यांनी २००५ साली महिला संघ बंद केला आणि पुन्हा सुरू केला तो थेट २०१८ मध्ये. मध्ये तेरा वर्षे गेली. २००५ साली दहा वर्षांची असलेली मुलगी तोवर तेवीस वर्षांची झाली. पुढे २०२४ मध्ये त्याच क्लबाच्या महिलांनी एफए करंडक जिंकला. म्हणजे नव्याने संघ उभा राहिल्यापासून सहा वर्षांत. मन असले की जमते.

हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले तर अडचणी तीन ठिकाणी आहेत : मैदान, माणसे आणि सामने.

मैदानाचे आधी सांगतो. क्लबाकडे सरावाचे चांगले मैदान बहुधा एकच असते. सकाळचा थंड वेळ पुरुषांच्या पहिल्या संघाला, संध्याकाळ त्यांच्या राखीव खेळाडूंना आणि मुलांच्या अकादमीला. मुलींच्या वाट्याला उरते दुपार. आपल्या रायपूरच्या मे महिन्यातली दुपार डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मला काय म्हणायचे ते कळेल. कपडे बदलायची स्वतंत्र खोली, स्वच्छ शौचालय, अंधार पडल्यावर घरी पोहोचवणारी गाडी, या गोष्टी प्रायोजकाच्या जाहिरातीत दिसत नाहीत. पण आई-वडील मुलीला पाठवायचे की नाही, हे त्यांवरच ठरवतात.

माणसे म्हणजे केवळ खेळाडू नव्हेत. मुलींमध्ये गुडघ्याचा आतला अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा बरेच जास्त आहे. त्याचे शास्त्र जाणणारा फिजिओ हवा, त्यांच्या शरीराप्रमाणे व्यायाम आखणारा प्रशिक्षक हवा. पुरुष संघाचा फिजिओ वेळ मिळाला तर बघून जाईल, असे चालत नाही. शिवाय सुरक्षिततेचा प्रश्न आहे. २०२२ मध्ये देशाच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाच्या परदेश दौऱ्यात गैरवर्तनाच्या आरोपावरून एका प्रशिक्षकाला काढून टाकावे लागले. राष्ट्रीय संघाबरोबर हे घडते, तर क्लबाने अधिकच डोळ्यांत तेल घालून राहायला हवे. संघाबरोबर जबाबदार महिला अधिकारी हवी आणि तक्रार कोणाकडे करायची, हे पहिल्या दिवशी मुलींना ठाऊक हवे.

तिसरी गोष्ट सामन्यांची, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड हीच. पहिली महिला लीग दिल्लीत २८ जानेवारी ते १४ फेब्रुवारी २०१७ अशी झाली. म्हणजे जेमतेम अडीच आठवडे. आता सांगा, अडीच आठवड्यांच्या कामासाठी बारा महिन्यांचा पगार कोणता मालक देईल? म्हणून मुलींना महिना-दोन महिन्यांचे करार मिळत. बाकीचे दहा महिने त्यांनी पोलीस, सशस्त्र दले, रेल्वे अशा ठिकाणी नोकरी शोधायची, नाहीतर गावी परतायचे. गावी परतलेल्या मुलीचे पुढे काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

यात सुधारणा झाली, ती सांगितली पाहिजे. २०२३-२४ पासून लीग घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खेळवली जाऊ लागली. त्या वर्षी सात संघ होते, प्रत्येकाला बारा सामने मिळाले. महासंघाने २०२३ मध्ये असेही ठरवले की लीगमधल्या क्लबाने किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचे करार करावेत. महिन्याला २७ हजारांच्या आतच बसतात. आपल्या कचेरीतला नवा कारकून यापेक्षा जास्त घेतो, तरी सुरुवात म्हणून मी त्याचे स्वागत करतो. ज्या क्लबांनी चिकाटी धरली त्यांना फळही मिळाले. गोकुलम केरळने लागोपाठ तीन वेळा लीग जिंकली, मग २०२३-२४ मध्ये ओडिशा एफसीने आणि २०२४-२५ मध्ये ईस्ट बंगालने.

पण क्लबाने सगळे नीट करूनही घात होऊ शकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये गोकुलमच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या आणि त्याच वेळी फिफाने आपल्या महासंघाला निलंबित केले. महासंघाच्या कारभारातले वाद पदाधिकाऱ्यांचे, मुलींचा त्यात काडीचा संबंध नव्हता. निलंबन २६ ऑगस्टला उठले, तोवर वेळ निघून गेली होती. मुली परक्या शहरातून एकही सामना न खेळता परतल्या. वर्षभराची मेहनत पाण्यात गेली.

आता महाराष्ट्रातून थोडे कोल्हापूरकडे जाऊ, कारण पुष्कळांची मुळे तिकडची आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे घेतली की कोल्हापूरकराच्या अंगात येते. पेठेपेठेत पुरुषांचा संघ, शाहू स्टेडियमवर तोबा गर्दी. त्याच शहरातून एफसी कोल्हापूर सिटी हा महिला संघ २०१९ आणि २०२० मध्ये राष्ट्रीय लीग खेळला. पेठेतल्या मुलाला तालीम जन्मतःच मिळते. गल्लीतले काका चहा पाजतात, बूट घेऊन देतात, हरला तर शिव्याही देतात. मुलीला ही गल्ली मिळत नाही. म्हणून तिला क्लब लागतो, आणि म्हणून क्लब बंद पडला की तिचे सगळेच बंद पडते.

आणि आता आपल्या छत्तीसगडकडे. जगदलपूरजवळ डिमरापाल येथे माता रुक्मिणी सेवा संस्थान आहे. ही रुक्मिणी कोण? आपल्या विनोबांच्या मातोश्री. विनोबांचे अनुयायी धर्मपाल सैनी १९७६ मध्ये बस्तरमध्ये आले आणि आदिवासी मुलींसाठी त्यांनी आश्रमशाळा काढल्या. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिक्षणाबरोबर मुलींनी धावावे, खेळावे, हा त्यांचा आग्रह. त्या परंपरेतून आलेला माता रुक्मणी एफसी हा संघ २०२२ आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय महिला लीग खेळला. जेतेपदाच्या शर्यतीत तो नव्हता. पगारी खेळाडूंच्या क्लबांपुढे आश्रमातल्या मुली उभ्या राहिल्या, हेच मला मोठे वाटते. देशाच्या महिला अजिंक्यपद स्पर्धेला २०२३ पासून राजमाता जिजाबाई करंडक म्हणतात. २०२५ मध्ये तिची अंतिम फेरी आपल्याच राज्यात, नारायणपूरच्या रामकृष्ण मिशनच्या मैदानावर झाली. आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक होते?

तर सांगायचे ते असे. उद्या रायपूरमध्ये कुणी उद्योगपती व्यावसायिक क्लब काढेल आणि महिला संघाची घोषणा करेल, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारा. महिला संघाचे अंदाजपत्रक वेगळे आहे का, आणि पुरुष संघ बुडाला तरी ते किमान तीन वर्षे शाबूत राहील का? सरावाची वेळ लेखी ठरली आहे का? बारा-तेरा वर्षांच्या मुलींसाठी खालचा संघ आहे का? शून्यातून संघ उभारण्यापेक्षा बस्तरसारख्या ठिकाणी आधीपासून खेळणाऱ्या मुलींचा हात धरा, असेही त्यांना सांगा. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर महिला संघ हे किरकोळ खर्चाचे खाते नव्हे, त्याला खतावणीत स्वतःचे पान हवे.

आणि एक प्रश्न आपल्याला. उत्सवातल्या क्रीडा स्पर्धांत मुलांसाठी क्रिकेट आणि मुलींसाठी संगीत खुर्ची, हे किती वर्षे चालायचे? समितीला माझी विनंती आहे की यंदापासून मुलींचे फुटबॉल सामने ठेवावेत, पाच-पाच जणींचे का होईना. पहिल्या वर्षी दोनच संघ आले तरी बंद करू नका. त्यासाठीची वर्गणी वेगळ्या पावतीपुस्तकावर घ्या आणि ते पुस्तक महिला शाखेच्या हाती द्या. पहिली पावती माझ्या नावाने फाडावी.



गणपती बाप्पा मोरया!