पडवीतला टिलर
(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

रोह्याला अगदी लागून आमचं वरसे गाव आहे. एका बाजूने शहर वाढत वाढत अंगणापर्यंत आलंय, जवळच धाटावची औद्योगिक वसाहत, आणि मधे जी काही भातखाचरं शिल्लक आहेत त्यांतली तीन आमची. सगळी मिळून सव्वा एकर. एका खाचरातून दुसऱ्यात जायचं तर तिसऱ्याच्या बांधावरून जावं लागतं. असल्या तुकड्यांत मोठा ट्रॅक्टर उतरत नाही, आणि उतरलाच तर वळत नाही. तिथे लागतो पॉवर टिलर. बारा-तेरा अश्वशक्तीचं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन, दोन चाकं, मागे माती घुसळणारी फिरती पाती आणि दोन लांब मुठी. माणसाने मागून चालत हाकायचा हा ट्रॅक्टर. हे यंत्र मुळात जपानच्या भातशेतीतलं. १९६७ साली बंगलोरला जपानी सहकार्याने टिलर बनवणारी कंपनी निघाली, १९७३ साली केरळ सरकारची निघाली, आणि तिथून हे यंत्र हळूहळू कोकणात पोचलं.

आमच्या घरी तो आला २००६ साली. माझे थोरले भाई कुवेतहून कायमचे परतले होते. तिथे सतरा वर्षं त्यांनी जनरेटर सांभाळले. इथे आल्यावर त्यांनी टिलर घेतला आणि त्याच दिवशी रोह्याच्या बाजारातून एक दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर लिहिलं, 'टिलर'. पुढे तारीख, किती तास चालला, काय घातलं, काय काढलं, एवढंच.

मी तेव्हा या वहीची थट्टा करायचो. घरात लिहिणारा मी, आणि भाईंच्या वहीत काय, तर 'ग्रीस चार ठिकाणी. पट्टे सैल केले. टाकी भरली.' शंभर तास झाले की इंजिनचं ऑइल बदलायचं म्हणजे बदलायचं, मग लावणी ऐन रंगात का असेना. एअर फिल्टर तर ते धुळीच्या दिवसांत रोज संध्याकाळी उघडून बघत. मला सर्वांत गमतीची वाटायची ती त्यांची शेवटची एक कृती. काम संपलं, यंत्र धुऊन पुसून पडवीत लावलं, इंजिन थंड झालं की भाई हँडल लावून चाक थोडंसं फिरवायचे. कुठेतरी हाताला जड लागलं की थांबायचे, हँडल काढायचे आणि निघून जायचे. मला वाटायचं, एखाद्याला दाराची कडी दोनदा ओढून बघायची सवय असते, तसं काहीतरी असावं.

वर्षाचं मोठं काम मात्र ते दसऱ्याच्या आधी काढायचे. खंडेनवमीला मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये झाडून सगळी यंत्रं पुसली जातात, हत्यारांची पूजा होते. भाई म्हणायचे, मिस्त्री त्या दिवशी खुशीत असतात, काम मन लावून करतात. आमचा टिलर तिथून झेंडूचा हार घालून घरी यायचा. ईदच्या आसपास दसरा आला तर मुलं त्याच्यावरच चढून बसायची.

भाई २०१५च्या फेब्रुवारीत गेले. त्या वहीतली शेवटची नोंद त्याआधीच्या नोव्हेंबरची आहे.

पुढचं सांगताना मला थोडं चाचरायला होतं. २०१५ची लावणी मी गडी लावून केली. टिलर पहिल्या हातात सुरू झाला. मला वाटलं, यंत्र आहे, चालतं. २०१६लाही चालला. जुलैत चिखलणी आटोपल्यावर पाऊस कोसळत होता, म्हणून चिखलासकट तो पडवीत ढकलला. वर ताडपत्री टाकली. उद्या धुऊ म्हटलं. तो उद्या आठ वर्षं आला नाही. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यात पडवीचे पत्रे उडाले. घराचं छप्पर आधी करायचं की पडवीचं? पडवी तशीच राहिली आणि रायगडचा पाऊस, जो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तो त्या फाटक्या ताडपत्रीवर पडत राहिला.

एवढंच असतं तर ते माझं नुकसान होतं. पण आमच्या खाचरांना लागून तात्यांची पंधरा गुंठे जमीन आहे. भाईंनी टिलर घेतला तेव्हा दोघांत एक ठराव झाला होता, तोंडी. आमची चिखलणी झाली की त्याच दिवशी तात्यांची करून द्यायची, बदल्यात तात्यांनी दोन दिवस आमच्याकडे लावणीला यायचं. त्या भरवशावर तात्यांनी २०१०मध्ये बैलजोडी विकली. पंधरा गुंठ्यांसाठी बारा महिने बैलांना पेंढा कोण घालणार? २०१६नंतर ते भाड्याच्या टिलरच्या मागे फिरले. भाड्याचा टिलर मोठ्या शेतवाल्याकडे आधी जातो, त्यांची पाळी येईपर्यंत रोपं म्हातारी होतात. २०१९पासून त्यांनी जमीन पाडीक टाकली. मला एका शब्दाने बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. माझ्या खिडकीतून ती जमीन दिसते.

२०२४च्या मे महिन्यात भंगारवाला आला. साडेसहा हजार म्हणाला. तात्या बांधावर उभे होते, तिथूनच त्यांनी विचारलं, "भाईचा टिलर विकतोस काय रे?" बस्स, एवढंच. मी भंगारवाल्याला परत पाठवला.

मिस्त्री आले. पूर्वी धाटावच्या एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. ताडपत्री काढून त्यांनी टिलरभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "चालवून मोडला की ठेवून मोडला?" मी म्हटलं, ठेवून. ते म्हणाले, "मग जास्त मोडला असणार."

हे मला नवीन होतं. वापराने यंत्र झिजतं एवढंच आपल्याला ठाऊक असतं. मिस्त्रींनी एकेक भाग उघडून दाखवला. टाकी अर्धी रिकामी होती. रिकाम्या जागेत दमट हवा, रात्री गारव्याने तिचं पाणी होतं आणि ते डिझेलच्या तळाशी जाऊन बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बारीक जीव वाढतात. टाकीतून बोटभर काळी बुळबुळीत साय निघाली. तीच पुढे फिल्टरमध्ये, पंपात, नोझलमध्ये. म्हणजे भाई ठेवताना टाकी काठोकाठ भरत ते उगाच नव्हतं. इंजिनचं ऑइल मी बदललंच नव्हतं. जळक्या ऑइलमध्ये आम्ल तयार झालेलं असतं. इंजिन बंद असलं तरी ते आपलं काम करतच राहतं, बेअरिंगला हळूहळू खात. म्हणून ऑइल बदलायचं ते यंत्र ठेवण्याआधी. काढताना बदलून फार उशीर झालेला असतो. पट्टे ताणलेल्या अवस्थेत राहून तडकले होते. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केलं होतं आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं.

आणि पिस्टन जाम. हँडल हलेना.

मिस्त्री म्हणाले, "ठेवताना कॉम्प्रेशनवर ठेवला नाहीत." म्हणजे काय, तर चाक फिरवताना हाताला जड लागतं त्या ठिकाणी दोन्ही वाल्व्ह बंद असतात. तिथे थांबवलं की बाहेरची ओली हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. माझ्या हातून टिलर थांबला तेव्हा एक वाल्व्ह उघडा होता. आठ पावसाळे त्या फटीतून आत श्वास घेत होते. भाईंच्या त्या दाराच्या कडीचा अर्थ मला असा कळला. मी तिथेच पायरीवर बसलो.

मिस्त्रींनी सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून दोन दिवस तसंच ठेवलं. घाई केली तर रिंगा तुटतात, म्हणाले. त्या दोन दिवसांत ते बोलले ते मला टिलरइतकंच महत्त्वाचं वाटतं. मिस्त्री मूळचे पेणकडच्या खारेपाटातले. खाडीचं पाणी अडवून केलेली ती शेती. समुद्र आणि भात यांच्यामध्ये फक्त मातीचा एक बांध. त्या बांधांची देखभाल पूर्वी शेतकरीच मिळून करत, त्याला जोळ म्हणत. त्यांचे वडील जोळाला जायचे. उधाणाच्या आधी बांधावरून चालत जायचं आणि खेकड्यांची बिळं बघायची. बीळ दिसलं की तिथेच चिखलाचा गोळा ठोकून बुजवायचं. काम म्हणाल तर पाच मिनिटांचं. नाही केलं तर भरतीचं पाणी बिळातून झिरपतं, बीळ रुंदावतं, आणि एखाद्या अमावास्येच्या रात्री बांधाला खांड जाते. मग खारं पाणी शेतात. ते ओहोटीला निघून जातं, पण मीठ मागे राहतं, पावसाने धुऊन जमीन पुन्हा गोडी व्हायला वर्षं जातात. पुढे १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ साली दुसरा झाला, आणि बांधांची जबाबदारी पुष्कळशी सरकारकडे गेली. खर्च मोठा होता, ते बरोबरच झालं असेल. पण मिस्त्री म्हणाले, "बांध सरकारचा झाला आणि खेकडे कुणाचेच राहिले नाहीत." हे वाक्य मी कवितेत घालणार नाही असं त्यांना वचन दिलंय. भाषणात घालतोय.

मी त्यांना म्हटलं, रोज सगळं बघत बसायचं म्हणजे कंटाळा येतो हो. ते हसले. "आमची कंपनी वर्षातून एकदा शटडाऊन घ्यायची. पंधरा दिवस माल बंद, पगार चालू, आणि आम्ही चांगले चालणारे पंप खोलून बसायचो. मालक वेडे होते काय?"

तिसऱ्या दिवशी चाक इंचभर हललं. मग मागे, मग पुढे. नोझल नवीन, रिंगा, पॅकिंग, ऑइल सील, पट्टे, फिल्टर, क्लचच्या प्लेटी मोकळ्या करणं. काही सुटे भाग मुंबईहून मागवावे लागले, त्यात तीन आठवडे गेले. बिल झालं अठरा हजार सातशे. भाईंच्या वहीत एका सर्व्हिसचा खर्च लिहिलेला असे. पैसे वाचवले म्हणून मला काही वर्षं बरं वाटलं होतं, हेही कबूल करतो. पाइपांतली एअर काढून मिस्त्रींनी हँडल मारलं. चौथ्या वेळी काळा धूर, मग पांढरा, मग तो ओळखीचा ठक-ठक आवाज. घरातून वहिनी बाहेर आल्या आणि काही न बोलता दारात उभ्या राहिल्या. तारीख होती २७ जून २०२४.

मी तसाच तात्यांकडे गेलो. म्हटलं, चला, उद्या तुमची चिखलणी. ते म्हणाले, "अरे, दाढ कुठे टाकलीय मी? रोपं नाहीत, आणि बांध तरी कुठे राहिलेत?" खरंच होतं. पाच वर्षं जमीन पडली की बांधही पडतात. उंदीर, पाऊस, गुरं. माझं यंत्र दुरुस्त झालं होतं, त्यांचं शेत झालं नव्हतं. ते वर्ष गेलं.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी त्यांचे बांध घातले. मी पन्नाशी ओलांडलेला, ते सत्तरीचे. दिवसाला चार हात बांध व्हायचा आणि बाकी वेळ गप्पा. दसऱ्याला टिलर मिस्त्रींकडे नेऊन आणला होता. आणि २०२५ साली पावसाने सगळ्यांनाच गाठलं. मे महिना संपायच्या आतच तो कोकणात दाखल झाला. राब भाजायचे राहिले, लोकांची धांदल उडाली. पुढे चिखलणीच्या वेळी मिस्त्रींच्या दारात आसपासच्या गावांतले टिलर रांगेत उभे होते, कुणाचं डिझेल येत नाही, कुणाचा क्लच सुटत नाही. आमचा दुसऱ्या हँडलला सुरू झाला. आमची तीन खाचरं झाली आणि त्याच दिवशी दुपारी तात्यांची पंधरा गुंठे. ठरावाप्रमाणे तात्या आणि त्यांची सून दोन दिवस आमच्याकडे लावणीला आले.

चिखलणी संपली तेव्हा संध्याकाळ झाली होती, पाऊस धो-धो. मी टिलर सरळ घराकडे वळवला. तात्या बांधावर आडवे उभे राहिले. त्यांच्या हातात बादली होती आणि काखेत नारळाची सोडणं. "आधी धू," म्हणाले. पाऊण तास आम्ही पावसात उभं राहून पात्यांतला चिखल काढला. मग पडवीत नेऊन पट्टे सैल केले, टाकी भरली. इंजिन थंड होईपर्यंत तात्या चहा पीत बसून राहिले. मग मी हँडल लावलं, हळूहळू फिरवलं, आणि हाताला जड लागलं तिथे थांबलो.