ब्रह्मदेशातली पालथी पात्रे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही साचेखात्यात राबणारी माणसं. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं शिक्षण वाचनालयात नि युनियनच्या ऑफिसात. चुकलं तर पदरात घ्या.

आज जगात ठिकठिकाणी लोकशाही मोडते आहे. त्यातल्या एकाच देशाचं बोलतो, ब्रह्मदेशाचं. आता त्याला म्यानमार म्हणतात. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हा तिथं लोकनियुक्त सरकार होतं. १९६२ साली लष्कराने ते उलथवलं. १९९० साली जनतेनं लष्कराविरुद्ध कौल दिला, तो मानलाच नाही. २००७ साली इंधनाचे भाव भडकले, तेव्हा हजारो भिक्षू रस्त्यावर आले. त्यांनी भिक्षापात्रे पालथी केली. म्हणजे, तुमचं दान आम्हाला नको! बौद्ध देशात राज्यकर्त्याला याहून मोठा धिक्कार नाही.

मग २००८ साली राज्यघटना आली. खरी गोम इथंच आहे. संसदेतल्या शंभरांतल्या पंचवीस जागा लष्कराला राखीव, आणि घटनेतली मुख्य कलमं बदलायला पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त मतं पाहिजेत. आमच्या खात्यात एकदा चौघांची कमिटी नेमली होती. एक माणूस मालकानं आपला बसवला. आम्ही म्हटलं, एकच तर आहे, असू दे. पण ठराव एकमतानंच करायचा, असा नियम होता. वर्षभरात एकही ठराव झाला नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये आंग सान सू की यांच्या पक्षाला प्रचंड बहुमत मिळालं. लष्कर म्हणालं, मतदारयाद्या खोट्या. १ फेब्रुवारी २०२१ ला नवी संसद भरायची होती, त्याच पहाटे पुढारी अटकेत! डॉक्टर, शिक्षक, रेल्वे कामगार संपावर गेले. कपड्याच्या कारखान्यांतल्या पोरी तर सगळ्यांच्या पुढं होत्या.

पण एक गोष्ट बौद्ध म्हणून आम्हाला झोंबते. २०१७ साली लष्करानं रोहिंग्या मुसलमानांची गावं जाळली, सात लाखांहून अधिक माणसं बांगलादेशात पळाली. द्वेष पसरवणाऱ्यांत काही चीवरधारीही होते. डिसेंबर २०१९ मध्ये खुद्द सू की हेगच्या न्यायालयात देशाची, म्हणजे लष्कराचीच, बाजू मांडायला उभ्या राहिल्या. चौदा महिन्यांत त्याच लष्करानं त्यांना कोंडलं.

आणि जग? डिसेंबर २०२२ मध्ये हिंसा थांबवा असा ठराव सुरक्षा परिषदेत आला. बारा मतं बाजूनं. चीन, रशिया आणि आपला भारत तटस्थ. चीनची तेल-वायूची पाइपलाइन त्या देशातून जाते, रशिया शस्त्रं विकतो, आपली सरहद्द लागून आहे. ज्याचा त्याचा हिशेब. आम्हाला मात्र ते वाचून लाज वाटली.

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीला आठवण दिली होती, की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारं भिक्खुसंघाला ठाऊक होतं. संघात शलाका वाटून मतं घेत. आपल्या विहाराच्या कमिटीची निवडणूक पुढच्या महिन्यात आहे. यादी फळ्याशेजारी लावली आहे. जाताना नावं तपासून घ्या, घरातल्या बायकांचीसुद्धा.

जयभीम!